नोहाचा शाप आणि शरणपूरची मुलं

पालघर किनाऱ्यावरच्या नवापूरच्या उत्तरेला तारापूरचा किल्ला, दक्षिणेला शिरगाव, माहीम, केळवे. आणखी वर गेलं की डहाणू आणि दमण, खाली आलं की अर्नाळा आणि वसई. बोईसर-पालघरच्या माणसाला हे किल्ले नवे नाहीत. चिमाजी अप्पांची मोहीम आणि वसईचा वेढा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण पोर्तुगीज अमदानीत या गावांत आणि गढ्यांत कोण राहत होतं असं कुणी विचारलं, तर आपल्या डोळ्यांसमोर फिरंगी शिपाई येतो आणि पाद्री येतो. त्यांच्या मागे उभा असलेला तिसरा माणूस सहसा येत नाही. तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजात घालून आणलेला गुलाम होता. तो पालख्या वाहायचा, पाणी भरायचा, मालकाच्या मागे छत्री धरून चालायचा आणि लढाईची वेळ आली तर मालकासाठी हत्यारही उचलायचा. त्याचा बाप्तिस्मा झालेला असायचा. रविवारी मालक ज्या देवळात गुडघे टेकायचा, तिथेच तोही टेकायचा, आणि प्रार्थना संपली की पुन्हा मालकाची मालमत्ता होऊन घरी परतायचा.

हे त्या मालकांच्या मनाला पटत कसं होतं? सगळी माणसं एकाच देवाची लेकरं आहेत असं सांगणारा धर्म आणि माणसाच्या विक्रीचा कागद, दोन्ही एकाच घरात कसे नांदले? आणि त्याच धर्मग्रंथाच्या आधाराने पुढे गुलामगिरी मोडण्याची चळवळ कशी उभी राहिली? या प्रश्नांच्या उत्तरातला मोठा भाग लिस्बन, रोम आणि लंडनमध्ये घडला. पण त्यातली काही महत्त्वाची पानं आपल्या वसईत, नाशकात आणि पुण्यात लिहिली गेली.

सुरुवात पंधराव्या शतकात होते. १८ जून १४५२ रोजी पोप निकोलस पाचवा याने पोर्तुगालच्या राजाला एक फर्मान दिलं. मुसलमान आणि इतर परधर्मीयांवर स्वारी करण्याची, त्यांची भूमी घेण्याची आणि त्यांना कायमचं दास्यात ठेवण्याची मुभा त्यात होती. ८ जानेवारी १४५५ च्या दुसऱ्या फर्मानाने ती मुभा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासाठी पक्की केली. त्या फर्मानात हिंदुस्थानापर्यंत पोचण्याच्या आशेचाही उल्लेख आहे. वास्को द गामा कालिकतला उतरला तो त्यानंतर ४३ वर्षांनी. म्हणजे पोर्तुगीज जहाजं आपल्या समुद्रात येण्याआधीच त्यांच्या शिडांना धर्मपीठाचा वारा मिळालेला होता.

फर्मान म्हणजे कायदा. पण मनाची समजूत घालायला कथा लागते. ती कथा बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात सापडली. जलप्रलय ओसरल्यावर नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला. त्याच्या हाम नावाच्या मुलाने ते पाहिलं आणि बाहेर जाऊन भावांना सांगितलं. शेम आणि याफेथ यांनी मात्र पाठमोरं आत जाऊन बापाला झाकलं. शुद्धीवर आल्यावर नोहाने शाप दिला. ज्याला शाप दिला तो हाम नव्हे, हामचा मुलगा कनान. तो आपल्या भावांच्या दासांचा दास होईल, असा तो शाप होता. मूळ कथा इथेच संपते. तिच्यात कुणाच्याही कातडीच्या रंगाचा एक शब्दही नाही. पुढच्या अध्यायात हामच्या मुलांची यादी येते, त्यांत कूश आहे आणि कूशचा संबंध इथिओपियाच्या बाजूच्या प्रदेशाशी जोडला जातो. एवढ्या धाग्यावर पुढच्या टीकाकारांनी सगळं कापड विणलं. कनानचा शाप हामवर गेला, हामवरून कूशवर, कूशवरून सगळ्या काळ्या माणसांवर. त्याआधी संत ऑगस्टिनने गुलामगिरी ही पापाची शिक्षा असल्याचं लिहिताना याच कथेचा आधार घेतला होता. त्याने तिला रंग दिला नव्हता. रंग नंतर चढला, आणि तो चढला तेव्हा गुलामांचा बाजारही वाढत होता, हा योगायोग नाही.

पोर्तुगीज दरबारचा बखरकार झुरारा याने ८ ऑगस्ट १४४४ चं वर्णन करून ठेवलं आहे. त्या दिवशी लागोस बंदरावर २३५ आफ्रिकी माणसं उतरवली गेली. त्यांतली काही गोरीच म्हणावीत अशी होती, काही सावळी, काही काळी. वाटणी करताना बाप एका गटात आणि मुलगा दुसऱ्या गटात गेला, आया लेकरांना कवटाळून जमिनीवर पडल्या. झुरारा हे सगळं सांगतो आणि आपल्याला रडू आल्याचंही सांगतो. पण त्याच बखरीत तो नोहाच्या शापाचाही आधार घेतो आणि बंदिवानांच्या आत्म्यांचं आता कल्याण होणार या विचाराने स्वतःचं समाधान करून घेतो. शब्दांत मांडलेलं दुःख आणि त्यावर घातलेलं धर्माचं पांघरूण एकाच बखरीत शेजारी शेजारी सापडतं. मला तो मजकूर पुढच्या चार शतकांचा नमुना वाटतो.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतलं. त्यापूर्वी दमण होतं एका हबशी सरदाराच्या ताब्यात. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या किनाऱ्याला आफ्रिकी माणूस पोर्तुगीजांनी दाखवला नाही. तो त्याआधीही येत होता, पुष्कळदा गुलाम म्हणूनच. दख्खनच्या सुलतानांकडेही गुलाम होते आणि त्यांची विक्रीही होत होती. पण त्या व्यवस्थेत इथिओपियात विकला गेलेला एक मुलगा मलिक अंबर होऊ शकला, निजामशाहीचा कारभार चालवू शकला आणि मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवू शकला. जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी तर राज्यच केलं. ती गुलामगिरी दयाळू होती असं मी म्हणणार नाही. पण काळ्या माणसाला जन्मतःच दास ठरवणारी कथा तिच्यामागे नव्हती. पोर्तुगीज सत्तेने ती कथा सोबत आणली.

गोव्यात १५८३ पासून काही वर्षं आर्चबिशपच्या पदरी राहिलेला डच लेखक लिन्सखोटेन याने लिहून ठेवलं आहे की गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरायचा आणि त्यात इतर मालाबरोबर माणसंही जनावरांसारखी विकली जायची. धर्मसंस्थेला हे दिसत होतं. १५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली. गुलामगिरी मुळात चूक आहे की नाही, हा प्रश्न तिने घेतला नाही. कुणाला गुलाम ठेवणं धर्माला धरून आहे, एवढंच तिने ठरवलं. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, न्याय्य युद्धात पकडलेला, अति गरजेपोटी स्वतःला विकलेला किंवा बापाने विकलेला माणूस रीतसर गुलाम मानावा, असे ते निकष होते. म्हणजे पाप कुठे सुरू होतं याची हद्द आखली गेली, पण ती बाजाराच्या पलीकडे.

त्याच काळातला आणखी एक नियम सगळ्यांत बोलका आहे. हिंदू, मुसलमान किंवा ज्यू मालकाचा गुलाम ख्रिस्ती झाला तर त्या मालकाचा त्याच्यावरचा हक्क संपे. ख्रिस्ती मालकाचा गुलाम ख्रिस्ती झाला तर मात्र तो गुलामच राही. बाप्तिस्म्याचं पाणी तेच, विधी तोच, शब्दही तेच. त्याने बेडी तुटायची की नाही, हे मालक कोण यावर ठरत होतं. यासाठी आधार होता बायबलातल्या पौलाच्या पत्रांचा. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दासांनी धन्याचं ऐकावं असा उपदेश आहे, आणि फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात पौल अनेसिम नावाच्या गुलामाला त्याच्या धन्याकडे परत पाठवताना दिसतो. त्याला आता दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून ठेवून घे, अशी पौलाची त्या धन्याला विनवणी आहे. मालकांनी पत्राचा पहिला भाग वाचला, दुसरा वाचला नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हेही पौलानेच सांगितलं आहे. ते वाक्य देवळात वाचलं जाई आणि स्वर्गापुरतं राखून ठेवलं जाई.

गुलाम नसलेल्या देशी ख्रिस्ती माणसालाही रंगाची आणि रक्ताची भिंत आडवी येत होती. त्याचं ठळक उदाहरण वसईचंच आहे. गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेजुइट पाद्र्यांच्या हाताखाली तो शिकला, पोरवयात त्यांच्यासोबत जपानला गेला, तिथली भाषा शिकला आणि वर्षानुवर्षं त्यांच्या कामात राबला. त्या संस्थेत दीक्षा घेण्याची त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. त्या संस्थेचा पूर्वेकडचा प्रमुख आलेस्सांद्रो वालिन्यानो याचं धोरण देशी आणि मिश्र रक्ताच्या हिंदुस्थानी उमेदवारांना प्रवेश देण्याच्या विरोधात होतं. शेवटी गोन्सालो मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ज्या २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं गेलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला औपचारिक संतपद मिळालं. वसईत आज त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे.

त्याच्या कथेचा पुढचा भाग मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. वसईपासून हजारो कोस दूर, ब्राझीलमधल्या रेसीफ शहरात मिश्र रक्ताच्या सावळ्या लोकांचा एक समाज होता. गुलामांच्या श्रमावर उभ्या असलेल्या त्या मुलखात या लोकांना पदं नाकारली जात, धर्मसंस्थांची दारं बंद असत आणि त्यांचा रंग हाच त्यांच्यावरचा डाग मानला जाई. आपल्या रंगाचा संतच होऊ शकत नाही, असं त्यांना ऐकवलं जात होतं. त्यांनी शोध घेतला आणि त्यांना वसईचा गोन्सालो सापडला. सप्टेंबर १७४५ मध्ये त्यांनी रेसीफमध्ये त्याचा मोठा उत्सव केला. जाबुआतांव नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने त्या उत्सवात जे प्रवचन दिलं, त्याचा सगळा रोख एकच होता. वसईच्या बाईच्या पोटी जन्मलेला हा संत सावळाच होता आणि हा रंग सन्मानाचा आहे, हे सिद्ध करणं. १७५१ मध्ये ते प्रवचन लिस्बनमध्ये छापलं गेलं. एका वसईकर आईच्या वर्णाने अटलांटिकच्या पलीकडच्या माणसांना ताठ मानेने उभं राहायला आधार दिला. ज्यांच्या विरोधात ग्रंथ वापरला जात होता, त्यांनी तो आपल्या हातात घेतला. पोर्तुगालच्या राजानेही अखेर २ एप्रिल १७६१ च्या आदेशाने हिंदुस्थान आणि पूर्व आफ्रिकेतल्या आपल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचा दर्जा दिला आणि त्यांना रंगावरून हिणवणं शिक्षेस पात्र ठरवलं. गुलामांना मात्र त्या आदेशाने काही मिळालं नाही.

तोवर आपल्या किनाऱ्यावर निशाण बदललं होतं. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूर घेतलं, त्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भिवराव पडले. मे महिन्यात वसई पडली. त्या मोहिमेचा अभिमान बाळगतानाही एक गोष्ट सांगायला हवी. निशाण बदललं म्हणून माणसाची विक्री थांबली नाही. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात होत्या, सरकारी दफ्तरांत त्यांच्या किमतींच्या नोंदी होत होत्या. त्या विक्रीला आधार वेगळ्या शास्त्रांचा होता. बंधन तेच होतं.

त्याआधीच, सतराव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेत काहीतरी हलायला लागलं होतं. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन या वस्तीत क्वेकर पंथाच्या काही लोकांनी गुलामगिरीविरुद्ध एक निषेधपत्र लिहिलं. त्यांचा आधार साधा होता : लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसंच आपण त्यांच्याशी वागावं, ही येशूची शिकवण. त्यांनी वंशावळींचे आणि शापांचे पुरावे शोधत बसण्यापेक्षा स्वतःला गुलामाच्या जागी ठेवून पाहिलं. पुढे याच जर्मनटाउनमध्ये ब्रदरन नावाच्या पंथाची अमेरिकेतली पहिली मंडळी उभी राहिली आणि १७८२ मध्ये त्या पंथाच्या वार्षिक सभेने आपल्या सभासदांना गुलाम विकत घ्यायला आणि बाळगायला मनाई केली. हे नाव पालघर जिल्ह्यातल्या वाचकाने ध्यानात ठेवावं, कारण ते पुढे डहाणूला येणार आहे.

इंग्लंडमध्ये विल्बरफोर्स आणि त्याच्या साथीदारांनी हाच विचार पार्लमेंटात नेला. १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापाराला बंदी आली, १८३३ मध्ये वसाहतींतल्या गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला. त्याच मंडळींच्या वर्तुळातून १७९९ मध्ये चर्च मिशनरी सोसायटी निघाली होती. हिंदुस्थानात गुलामगिरीला कायद्याचं पाठबळ काढून घेणारा कायदा १८४३ चा.

पण ग्रंथ सगळीकडे एकाच बाजूने वाचला जात नव्हता. १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनरी उतरले आणि त्यांनी मराठी मिशन सुरू केलं. पुढे अहमदनगरला त्यांच्या मंडळीत ब्राह्मण आणि महार यांनी एकाच प्रभुभोजनाच्या मेजावर बसावं असा त्यांचा आग्रह होता. जात पाळणाऱ्याशी त्यांनी तडजोड केली नाही. त्याच वेळी त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाच्या चेरोकी आणि चोक्टॉ आदिवासींमधल्या मंडळ्यांत गुलाम बाळगणारे सभासद होते. त्यांना बाहेर काढावं का, यावर १८४५ मध्ये बोर्डात मोठा वाद झाला आणि बोर्डाने कडक भूमिका घ्यायचं टाळलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बाप्टिस्टांत गुलामगिरीवरून फूट पडली आणि दक्षिणेकडचे वेगळे झाले. दक्षिणेतले धर्मोपदेशक अब्राहामाच्या घरातले दास, लेवीय पुस्तकातले नियम आणि अनेसिमाचं पत्र दाखवून गुलामगिरी ईश्वरी व्यवस्था असल्याचं सांगत होते. दुसऱ्याच्या घरातलं पाप स्पष्ट दिसतं. स्वतःच्या घरातल्यावर आपलं पोट अवलंबून असतं, म्हणून त्याला आधार शोधावे लागतात.

आता नाशिक. गोदावरीच्या त्या गावाजवळ चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस याने १८५४ मध्ये शरणपूर वसवलं. ब्रिटिश आरमाराची जहाजं तेव्हा अरबी समुद्रात गुलामांनी भरलेली गलबतं पकडत होती आणि सोडवलेल्या मुलांना मुंबईला आणत होती. आईबाप आफ्रिकेच्या आतल्या भागात राहिलेले, गाव कुठल्या दिशेला हेही ठाऊक नाही, अशी ही लेकरं. १८६० पासून त्यांतली बरीच शरणपूरला येऊ लागली. तिथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम आणि शेती शिकवली गेली. मराठी, हिंदुस्तानी आणि इंग्रजी त्यांच्या तोंडी बसली. त्यांना नवी नावंही मिळाली, ती मिशनऱ्यांची आणि वर्गणीदारांची. जी दया त्यांना बंधनातून सोडवत होती तिनेच त्यांची जन्मनावं पुसून टाकली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबई इलाख्यात होता. आफ्रिकेच्या पुढच्या प्रवासासाठी त्याने शरणपूरहून नऊ तरुण सोबत घेतले. त्यांत एडवर्ड गार्डनर होता, नॅथॅनियल कुम्बा होता. लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत या मुलांबद्दल कडवट तक्रारी लिहिल्या आहेत. गुलामगिरीचा शत्रू म्हणून गाजलेल्या त्या माणसालाही आपल्या सोबतच्या काळ्या तरुणांशी बरोबरीच्या नात्याने वागणं नेहमी जमलं नाही. १८७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी शरणपूरची आणखी काही मुलं पाठवली गेली. त्यांत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते. जेकब याओ जमातीचा, लहानपणी गुलामांच्या गलबतातून सोडवलेला.

मे १८७३ च्या सुरुवातीला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन मेला. त्याच्या माणसांनी त्याचं काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं. त्या वेळी तिथे एकही गोरा पाद्री नव्हता. दफनविधीची प्रार्थना जेकब वेनराइटने वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. मग लिव्हिंग्स्टनचे जुने सेवक चुमा आणि सूसी, जेकब, मॅथ्यू आणि त्यांच्या सोबत्यांनी ते शव वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून हजार मैलांहून अधिक अंतर पायी वाहून नेलं. वाटेत त्यांच्यातले अनेकजण मेले. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं तेव्हा शवपेटीसोबत जेकब होता.

चितांबोच्या त्या झाडाखाली काय घडलं याचा विचार करावा. ज्या ग्रंथाचा दाखला देऊन आफ्रिकी माणसाला चारशे वर्षं दास ठरवलं गेलं, त्याच धर्माची प्रार्थना, गुलाम म्हणून पकडलेला आणि नाशकात वाढलेला एक आफ्रिकी तरुण एका गोऱ्या माणसाच्या कबरीवर वाचत होता. त्याच्या वाचनात नोहाच्या शापाला जागा कुठे असणार?

१८७३ हे साल इथेच संपत नाही. ५ जून रोजी झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा समुद्रमार्गे होणारा व्यापार बंद करण्याच्या तहावर सही केली. त्यासाठी गेलेल्या शिष्टमंडळाचा प्रमुख होता मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर. आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना त्यांनी ते अर्पण केलं आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, टॉमस पेन वाचलेले होते. अमेरिकेतल्या मुक्तिवाद्यांनी नोहाच्या शापाची जी तपासणी केली, तीच कसोटी त्यांनी आपल्याकडच्या अवतारकथांना लावली. ही कथा कुणी रचली, कुणासाठी रचली, तिने कुणाच्या मानेवर जू बसवलं, हे त्यांचे प्रश्न होते. आफ्रिकेतलं चितांबो, झांझिबार आणि पुणं यांना जोडणारा धागा १८७३ मध्ये महाराष्ट्रातून जात होता, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवी.

शरणपूरची मुलं पुढे आफ्रिकेत परतली. १८७५ मध्ये मोम्बासाजवळ प्राइसने फ्रिअर टाउन वसवलं आणि नाशिकचे आफ्रिकी स्त्री-पुरुष तिथे जाऊन शिक्षक, कारागीर, धर्मोपदेशक झाले. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. त्यांतल्या विल्यम जोन्सला १८८५ मध्ये दीक्षा मिळाली. जवळच्या राबाई या वस्तीची जबाबदारी त्याच्याकडे होती. किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळालेले गुलाम राबाईला येत होते आणि तिथे त्यांना आसरा मिळत होता. मिशनचं अधिकृत धोरण पळालेल्या गुलामांना न ठेवण्याचं होतं. मालक चिडतील, सुलतान रागावेल, काम बंद पडेल, ही त्यामागची भीती. पण बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे की धन्याकडून पळून आलेल्या दासाला परत धन्याच्या हवाली करू नये. मोशेच्या नियमशास्त्रातली ही आज्ञा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळेवाल्यांना कधी आठवली नाही आणि मिशनच्या धोरणकर्त्यांनाही अडचणीची वाटत होती. राबाईला ती पाळली गेली. १८८८ मध्ये प्रकरण उघडकीला आलं तेव्हा आसऱ्याला आलेल्यांचा आकडा चौदाशेच्या वर होता. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी त्या सगळ्यांना मुक्तीचे दाखले मिळाले. स्वतः बंधन भोगलेल्या माणसांनी वाचलेला ग्रंथ आणि मालकाच्या सोयीने वाचलेला ग्रंथ यांतला फरक समजून घ्यायचा असेल, तर राबाईइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५ पर्यंत मोम्बासात जगला. शरणपूरची आठवण सांगणारा माणूस आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात हयात होता, इतकं हे सगळं जवळचं आहे.

आणि आता पालघर. १८९४ मध्ये ब्रदरन पंथाचे स्टोव्हर दांपत्य हिंदुस्थानात आले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या मिशनचं काम डहाणूत सुरू झालं. १७८२ मध्ये गुलाम बाळगायला मनाई करणारा तो पंथ हाच. डहाणूला त्यांनी दवाखाना काढला, आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. ज्या जंगलपट्टीत ते आले तिथे एक जिवंत दास्य होतं. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या पैशांपायी वारली जोडपी आयुष्यभर त्याच्या शेतावर राबत होती. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज फिटायचं नाही, बायकोवरही मालकाचा हात पडायचा. १९३९ च्या सायमिंग्टन अहवालात या छळाची सरकारी नोंद झाली. तरीही हे बंधन शाळा-दवाखान्यांनी तुटलं नाही आणि अहवालानेही तुटलं नाही. मे १९४५ मध्ये झरी इथे हजारो वारली जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या किसान सभेसोबत त्यांनी वेठ आणि लग्नगडीपण नाकारलं. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली, पण लग्नगडी मोकळे झाले. परुळेकर मार्क्सवादी होते, त्यांच्या हाती कुठलाच धर्मग्रंथ नव्हता. गोदावरीबाईंनी या लढ्यावर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असं आहे.

या साऱ्या इतिहासातून मी एक निष्कर्ष काढतो आणि तो ठामपणे मांडतो. ग्रंथ स्वतःहून कुणाला बांधत नाही आणि सोडवतही नाही. नोहाचा शाप अवघ्या काही ओळींचा होता. त्याच्यातून चार शतकांची गुलामगिरी निघाली, कारण वाचणाऱ्यांच्या हातात चाबूक होता. त्याच पुस्तकातून रेसीफच्या सावळ्या लोकांनी सन्मान काढला, जर्मनटाउनच्या क्वेकरांनी निषेध काढला, राबाईच्या पाद्र्याने आसरा काढला, कारण त्यांनी ते दुखावलेल्या माणसाच्या बाजूने वाचलं. हे बायबलाला जसं लागू आहे तसंच आपल्या स्मृतींना आणि पुराणांनाही लागू आहे, हे फुल्यांनी १८७३ मध्येच दाखवून दिलं. म्हणून कुणी धर्माचा दाखला देऊन एखाद्या जमातीला, वर्णाला किंवा जातीला खालच्या जागी बसवू लागलं, तर त्या श्लोकाच्या किंवा वचनाच्या अर्थाचा कीस काढत बसण्याआधी एक प्रश्न विचारावा : या वाचनाने कुणाचं काम फुकटात होतं? उत्तर मिळालं की ते वाचन नाकारण्याचा हक्क त्या धर्माच्या भाविकालाही आहे, आणि माझ्या मते त्याचं ते कर्तव्यही आहे.